एका दिवसात मिळणारे ‘पसारा’ प्रमाणपत्र आणि १६० तासांचे प्रशिक्षण

कळव्याहून एका ताईंनी विचारले आहे : “माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा असून बारावी उत्तीर्ण आहे. पोलीस भरतीसाठी दोनदा गेला, पण उंची १६३ सेंटिमीटर भरल्यामुळे दोन्ही वेळा मोजमापातच बाद झाला. आता वागळे इस्टेटमधील एका सुरक्षा एजन्सीत त्याला नोकरी मिळते आहे. एजन्सीचा माणूस म्हणतो की ‘पसारा’चे सरकारी प्रमाणपत्र लागेल, ३,५०० रुपये भरा, उद्या दुपारपर्यंत हातात देतो. हे प्रमाणपत्र खरे असते का? ते सरकार देते का? आणि पुढे पोलीस खात्यात किंवा सरकारी सुरक्षा दलात त्याचा उपयोग होईल का?”

ताई, उद्या दुपारी मिळणारे प्रमाणपत्र भावाला घेऊ देऊ नका. मी पोलीस दलातून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर गेली अकरा वर्षे ठाणे, ऐरोली आणि तळोजा या भागांत सुरक्षा रक्षकांना शिकवतो आहे. एका दिवसाची प्रमाणपत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि ती खिशात बाळगणाऱ्या मुलांवर पुढे आलेले प्रसंगही पाहिले आहेत.

आधी ‘सरकारी’ या शब्दाचा उलगडा करतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘पसारा’ म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५. हा केंद्राचा कायदा असून तो मार्च २००६ पासून लागू आहे. त्याची अंमलबजावणी राज्याने करायची असते आणि त्यासाठी प्रत्येक राज्य गृह विभागातील सहसचिव किंवा त्या तोडीच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला नियंत्रक प्राधिकारी म्हणून नेमते. हा प्राधिकारी एजन्सीला परवाना देतो. परवाना ५ वर्षांचा असतो. एका जिल्ह्यापुरता, पाच जिल्ह्यांपर्यंत किंवा संपूर्ण राज्यासाठी घेता येतो, आणि कायद्यात त्याचे शुल्क अनुक्रमे ५,०००, १०,००० आणि २५,००० रुपये असे ठरवलेले आहे. परवान्याशिवाय एजन्सी चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे सरकारचा शिक्का एजन्सीच्या परवान्यावर असतो. रक्षकाच्या हातात पडणारे प्रमाणपत्र प्रशिक्षण देणारी संस्था विहित नमुन्यात देते, आणि ते खरे ठरण्यासाठी त्या संस्थेने आपल्याकडून उत्तीर्ण झालेल्यांची यादी नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे पाठवलेली असावी लागते. तेव्हा भावाने त्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारावा : “माझे नाव त्या यादीत कोणत्या तारखेच्या तुकडीत जाणार?” उद्या दुपारचे प्रमाणपत्र देणाऱ्याकडे याचे उत्तर नसते, कारण तुकडी नावाची गोष्टच तिथे झालेली नसते.

कायद्याच्या कलम १० मध्ये रक्षक होण्याच्या अटी दिल्या आहेत. वय १८ पूर्ण झालेले असावे आणि ६५ च्या आत असावे, चारित्र्य व पूर्ववृत्त याविषयी एजन्सीची खात्री पटलेली असावी, शारीरिक मापदंडांत बसावे आणि विहित सुरक्षा प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलेले असावे. केंद्राने २००६ मध्ये काढलेल्या नमुना नियमांत (ज्यांच्या धर्तीवर राज्यांनी आपले नियम करायचे) या प्रशिक्षणाचा किमान काळ घालून दिला : १०० तास वर्गातील शिक्षण आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावरचे काम, आणि हे सर्व किमान २० कामाच्या दिवसांत विभागलेले. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी हाच अभ्यासक्रम आटोपशीर केलेला आहे. त्यांना ४० तास वर्गात आणि १६ तास मैदानावर, किमान ७ दिवस यावे लागते. आयुष्यभर शिस्तीत नोकरी केलेल्या सुभेदारालाही नियम ७ दिवस बसवतो, मग २१ वर्षांच्या नवख्या मुलाचे काम एका दुपारी कसे भागेल?

उंचीबद्दल मात्र चिंता नको. पोलीस शिपायासाठी पुरुषांना १६५ सेंटिमीटर लागतात. खासगी सुरक्षा रक्षकासाठी नमुना नियमांत पुरुषांना १६० आणि महिलांना १५० सेंटिमीटर एवढीच अट आहे. छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवून ४ सेंटिमीटर अधिक (ही अट महिलांना नाही), चष्म्यासह किंवा चष्म्याशिवाय चांगली नजर, रंगांधळेपणा नसावा, कान स्वच्छ ऐकणारे असावेत, पाय सपाट किंवा गुडघे एकमेकांना घासणारे नसावेत आणि एक किलोमीटर अंतर ६ मिनिटांत पळता यावे. भरतीसाठी १६०० मीटरचा सराव केलेल्या मुलाला यात काहीच जड नाही. ही तपासणी एकदा करून भागत नाही. दर १२ महिन्यांनी पुन्हा वैद्यकीय तपासणी करून घेण्याची जबाबदारी एजन्सीची असते.

आता ते १६० तास कशासाठी आहेत, हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण पालकांना आणि मुलांनाही वाटते की गेटवर उभे राहण्यात शिकायचे ते काय.

काही वर्षांपूर्वी घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या संकुलात पहाटे तीनच्या सुमारास मीटर रूममधून धूर येऊ लागला. रात्रपाळीला असलेला रक्षक धावत गेला आणि भिंतीवरचा लाल सिलिंडर उचलून घेऊन आला. त्याने दांडी दाबली, पण काहीच बाहेर येईना. पुन्हा दाबली, जोर लावून दाबली, सिलिंडर आपटला. दांडीत अडकवलेली पिन त्याने काढलीच नव्हती. तिच्यावरचे प्लास्टिकचे सील जसेच्या तसे होते. शेवटी त्याने सिलिंडर टाकला आणि बागेच्या नळावरून पाण्याची बादली भरून आणली. त्या वेळी दूध पोहोचवायला आलेल्या मुलाने त्याचा हात धरला म्हणून ती बादली चालू विजेच्या मीटरवर पडली नाही. अग्निशमन दलाची गाडी आली, मुख्य स्विच बंद झाला, कोणाला इजा झाली नाही. दोन दिवसांनी त्या सोसायटीने मला रक्षकांचा वर्ग घेण्यासाठी बोलावले, तेव्हा मी त्या मुलाशी बोललो. त्याच्याकडे प्रमाणपत्र होते. २० दिवसांच्या हजेरीवर त्याने एकाच दिवशी, एकाच पेनाने २० सह्या केल्या होत्या. अग्निशमन हा विषय त्या कागदावर छापलेला होता, पण सिलिंडर त्याने हातात धरला तो त्या पहाटे पहिल्यांदाच.

मी वर्गात प्रत्येकाला सिलिंडर स्वतः चालवायला लावतो. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडी दाबा आणि झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवा; तोंडाने सांगायला दहा सेकंद लागतात. पण पिन ओढताना आधी सील तोडावे लागते, दुसऱ्या हाताने दांडी आवळून धरली असेल तर पिन अडकून बसते, आणि भीतीने प्रत्येकजण दांडी आवळूनच धरतो. हे हाताला एकदा कळले की विसरत नाही. कानाने ऐकलेले मात्र त्या पहाटे आठवत नाही. नियमांत ६० तास मैदानावरचे ठेवले आहेत ते याचसाठी.

दुसरा विषय कायद्याचा. अभ्यासक्रमात फौजदारी कायद्याची प्राथमिक ओळख, स्वसंरक्षणाचा अधिकार आणि पोलीस ठाण्यात प्रथम खबर कशी द्यावी हे आहे. अनेक ठिकाणी अजूनही जुन्या भारतीय दंड संहितेच्याच झेरॉक्स वाटल्या जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत. स्वसंरक्षणाची कलमे आता न्याय संहितेत ३४ ते ४४ अशी आहेत आणि प्रथम खबरीचे कलम नागरिक सुरक्षा संहितेत १७३ आहे. आकडे पाठ असण्याला मी फार महत्त्व देत नाही. पण एक कलम प्रत्येक रक्षकाला समजलेच पाहिजे आणि ते म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०, खासगी व्यक्तीने करायच्या अटकेचे. आपल्या डोळ्यांसमोर कोणी दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा केला किंवा तो उद्घोषित गुन्हेगार (न्यायालयाने फरार म्हणून जाहीर केलेला) असेल, तरच सामान्य माणूस त्याला पकडून ठेवू शकतो, आणि विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. सहा तासांची ही मर्यादा नवीन कायद्याने घातली आहे.

नवी मुंबईतील एका सेक्टरमधला प्रसंग सांगतो. रात्री अकराला पार्किंगमध्ये फिरणारा एक मुलगा रक्षकांना दिसला. दुचाकी चोरायला आला असावा या संशयाने दोघा रक्षकांनी त्याला पंप रूममध्ये कोंडले, सुपरवायझरला फोन केला, तो लागला नाही, आणि सकाळी सातला सेक्रेटरी उठून खाली आल्यावर पोलिसांना कळवले. मुलाने दुचाकीला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. चोरीचा गुन्हा तर उभा राहिलाच नाही. उलट बेकायदा कोंडून ठेवल्याची तक्रार रक्षकांवर आली, जो न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा गुन्हा आहे. रक्षकांचा हेतू वाईट नव्हता. ११२ वर एक फोन केला असता तर रात्रपाळीचे पोलीस येऊन मुलाला घेऊन गेले असते आणि या दोघांचे नाव साक्षीदार म्हणून लागले असते. आणखी एक बारकावा नव्या कायद्यात आहे, तोही वर्गात सांगावा लागतो : पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी, वस्तू किंवा तिची किंमत परत मिळाली असेल तर, आता अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे. पितळी नळ काढून नेणाऱ्याला खांबाला बांधणाऱ्या रक्षकाला हे कोणी सांगितलेले नसते. त्या पंप रूममधल्या दोन रक्षकांपैकी एकजण आमच्या माहितीतल्या कुटुंबातला आहे. त्याने पोलीस भरतीचा अर्ज भरला होता, आणि तक्रार झाल्यापासून चारित्र्य पडताळणीत याचे काय होईल या काळजीने ते घर अस्वस्थ आहे. तुमच्या भावाच्या मनात अजून वर्दी असेल तर हे त्याला आवर्जून वाचून दाखवा.

तिसरी गोष्ट फार साधी वाटेल. नियमांत म्हटले आहे की रक्षकाला ओळखपत्रे आणि परवाने तपासता आले पाहिजेत आणि त्यासाठी इंग्रजी अक्षरे व अंक वाचता आले पाहिजेत. मी पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास मुलांना गेटवर उभे करून येणाऱ्या गाड्यांचे क्रमांक लिहायला लावतो. ठाण्याची एमएच ०४, वाशीची एमएच ४३, कल्याणची एमएच ०५ आणि पनवेलची एमएच ४६ ही मालिका डोळ्यांत बसली की पुढचे सोपे जाते. रात्री हेडलाइटच्या उजेडात ‘बी’ आणि ‘आठ’, ‘डी’ आणि ‘शून्य’ यांत हमखास घोळ होतो, म्हणून क्रमांकाबरोबर गाडीचा रंग आणि प्रकार लिहायची सवय लावतो. पोलिसात असताना एका अपघाताच्या तपासात आम्ही सोसायटीची नोंदवही मागवली होती. त्या वेळच्या रकान्यात फक्त चार आकडे होते. मालिका नाही, अक्षरे नाहीत, गाडीचा रंगही नाही. त्याच चार आकड्यांच्या गाड्या एका ठाणे जिल्ह्यात किती निघतात याचा विचार करा. आम्हाला ती गाडी शोधायला कित्येक आठवडे लागले. एका रक्षकाने एका रांगेत आणखी पाच अक्षरे लिहिली असती तर ते काम एका दिवसाचे होते. वर्दीच्या नियमांतही म्हणूनच ‘जवळ नोंदवही आणि पेन असावे’ असे स्पष्ट लिहिले आहे. शिट्टी दोरीला अडकवून डाव्या खिशात आणि छायाचित्राचे ओळखपत्र सर्वांत बाहेरच्या कपड्यावर दिसेल असे लावलेले. पावसाळ्यात रेनकोट घातला की ओळखपत्र आत जाते. ते बाहेर काढून लावायला सांगावे लागते आणि हेही प्रशिक्षणच आहे.

प्रथमोपचार, गर्दी आवरणे, संशयास्पद वस्तू ओळखणे, आपत्तीच्या वेळचे वर्तन, पोलीस आणि सैन्यातील हुद्द्यांची चिन्हे ओळखणे असे इतर विषय अभ्यासक्रमात आहेत. शस्त्र हाताळणे हा ऐच्छिक विषय आहे आणि या भागात नव्या मुलाला बंदुकीच्या जागेचे आमिष बऱ्याचदा दाखवले जाते, म्हणून एवढेच सांगतो की शस्त्र परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, तो आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडून मिळतो आणि दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक खांद्यावर घेऊन बँकेच्या दारात उभे राहणे हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. रोकड वाहतुकीच्या गाडीवर जायचे असेल तर त्यासाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. एका गाडीत ५ कोटींपेक्षा जास्त रक्कम नेता येत नाही, दोन सशस्त्र रक्षक लागतात आणि शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरता येत नाहीत. पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. या प्रमाणपत्रामुळे पोलीस भरतीत गुण वाढत नाहीत. पोलीस शिपायाचे मूलभूत प्रशिक्षण निवड झाल्यानंतर राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांत सुमारे नऊ महिने चालते आणि निवड शारीरिक चाचणी व लेखी परीक्षेवर होते. तिथे १६५ सेंटिमीटरची अट कोणत्याही कागदाने सैल होत नाही. तरीही सुरक्षेच्या क्षेत्रात महाराष्ट्रात खासगी एजन्सीशिवाय आणखी वाटा आहेत आणि बहुतेक मुलांना त्यांतला फरक माहीत नसतो.

एक वाट सुरक्षा रक्षक मंडळाची, ज्याला आपल्याकडे नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. १९८१ मध्ये राज्याने खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याखाली बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्यासाठी मंडळ आहे. या पद्धतीत रक्षकाची नोंदणी मंडळाकडे असते. कारखाना किंवा आस्थापना पगार आणि त्यावरची लेव्ही (पगाराच्या प्रमाणात द्यायची आकारणी) मंडळाकडे भरते आणि मंडळ रक्षकाला पगार देते. म्हणून वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळे पट्ट्यातील कारखान्यांत ‘बोर्डाचा गार्ड’ आणि ‘एजन्सीचा गार्ड’ हा फरक लोक लगेच करतात. एजन्सीच्या रक्षकांना मंडळाच्या या योजनेतून सूट मिळू शकते, पण ती कलम २३ खाली, त्यांना मिळणारे लाभ योजनेपेक्षा कमी नाहीत या अटीवर. एजन्सीत रुजू होताना हा प्रश्न विचारणे भावाचा हक्क आहे. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाची. हे २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले शासकीय महामंडळ असून त्याच्या जवानांना लोक ‘एमएसएफ’ (महाराष्ट्र सिक्युरिटी फोर्स) म्हणतात. त्यांची भरती आणि प्रशिक्षण महामंडळ स्वतः करते, तेव्हा त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे आणि कोणत्याही दलालाला पैसे देऊ नयेत. होमगार्ड ही पूर्णवेळ नोकरी नव्हे, मानसेवी सेवा आहे, पण बंदोबस्ताचा अनुभव तिथे चांगला मिळतो. आणि नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाल्यापासून ‘विमानतळावर लावतो’ असे सांगून पैसे मागणारे पुष्कळ झाले आहेत. विमानतळाची मुख्य सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असते, आणि विमान कंपन्यांच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या निकषांप्रमाणे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. ‘पसारा’चा कागद दाखवून त्या कामावर कोणी उभे करत नाही.

३,५०० रुपयांबद्दल. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे रक्षकांना विहित प्रशिक्षण मिळेल याची व्यवस्था करण्याची जबाबदारी एजन्सीची आहे. प्रशिक्षण संस्था फी घेते आणि काही एजन्सी ती रक्षकाकडून वसूल करतात, हे मी रोज पाहतो; मला ते पटत नाही, पण २० दिवस खरोखर शिकवून पावती देऊन फी घेतली तर मुलाच्या पदरात निदान काहीतरी पडते. पावती नाही, वर्ग नाही आणि उद्या कागद, या व्यवहारात तुम्ही विकत काय घेता आहात याचा विचार करा. नियंत्रक प्राधिकाऱ्याला प्रमाणपत्रधारक रक्षकाचे कौशल्य प्रत्यक्ष तपासण्याचा अधिकार नमुना नियमांनी दिला आहे आणि प्रशिक्षण दिले नसल्यास एजन्सीच्या परवान्याचा फेरविचारही करता येतो. पण अशी तपासणी होण्याच्या आधीच एखादी मीटर रूम पेटते, आणि तिथे एजन्सीचा मालक नसतो.

माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयीही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. अकरा वर्षांत मी दोन संस्था सोडल्या. त्यांतल्या एकीत मला ४० कोऱ्या प्रमाणपत्रांवर प्रशिक्षक म्हणून सही करायला सांगितले होते. मी त्या मुलांचे चेहरेही पाहिले नव्हते. मी सही केली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून मला वर्ग मिळाले नाहीत. ती ४० मुले आज कुठल्या तरी गेटवर उभी असतील आणि त्यांच्यापैकी एकाचीही चूक मला त्यांची वाटणार नाही. त्यांना नोकरी हवी होती आणि समोरच्याने सांगितले की एवढेच लागते.

रुजू होण्याआधी भावाने काय पाहावे ते सांगतो. एजन्सीच्या परवान्याची प्रत मागावी आणि त्यावरची मुदत व ठाणे जिल्हा त्यात येतो का ते वाचावे. परवाना कार्यालयाच्या दर्शनी जागी लावलेला असतो, तो दाखवायला कोणी कां-कू करू लागला तर तिथूनच परत यावे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज स्वतः ऑनलाइन करावा. नमुना नियमांप्रमाणे हा अहवाल तीन वर्षे चालतो, म्हणून त्याची मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कोणालाही देऊ नयेत, साक्षांकित प्रती द्याव्यात. नोकरी सोडू पाहणाऱ्या मुलांच्या मूळ गुणपत्रिका अडवून ठेवल्याचे मी इतक्या वेळा पाहिले आहे की हे वाक्य मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो. ओळखपत्रावर एजन्सीचे नाव असते आणि नोकरी सोडताना ते परत करायचे असते. हरवले तर लगेच लेखी कळवावे. वर्दीचा रंग आणि चिन्हे पोलीस किंवा सैन्याच्या वर्दीसारखी असतील तर ती अंगावर घालू नये, कारण कलम २१ प्रमाणे त्यासाठी एजन्सीच्या मालकाबरोबर रक्षकालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हातात पडणाऱ्या पगाराइतकेच भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) क्रमांक विचारावेत. पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जात असतील तर त्याचे कार्ड घरात आले पाहिजे, कारण आजारपणात तेच कामाला येते. ड्युटी ८ तासांची की १२ तासांची आणि वरच्या ४ तासांचे पैसे कोणत्या दराने, हे रुजू होण्याआधी लिहून घ्यावे. आणि ज्या साइटवर पाठवणार तिथे सुपरवायझर किती रक्षकांमागे एक आहे ते विचारावे. नमुना नियम १५ रक्षकांमागे एक सांगतो. त्या पंप रूमच्या रात्री फोन न लागलेला सुपरवायझर चार सोसायट्या आणि दोन गोदामे एकटा सांभाळत होता.

प्रशिक्षणासाठी संस्था निवडताना नावावर किंवा इमारतीवर जाऊ नये. वर्ग चालू असताना न सांगता जावे आणि मागच्या बाकावर अर्धा तास बसू द्या म्हणावे. मैदानावर मुले पळताना दिसतात का, सिलिंडर वापरून रिकामे झालेले आहेत की सील न तुटता धूळ खात उभे आहेत, प्रथमोपचार शिकवायला पुतळा आहे का, कायद्याची टिपणे जुलै २०२४ नंतरची आहेत का, हे डोळ्यांनी पाहता येते. अशा संस्थेत भावाचे २० दिवस जातील आणि तेवढ्या दिवसांचा पगार बुडेल, हे मला ठाऊक आहे. घरची ओढाताण असेल तर एजन्सीला सांगून पाहावे की प्रशिक्षणाच्या काळात निम्मा पगार किंवा निदान जेवणखर्च मिळेल का. परवाना जपणाऱ्या एजन्सी हे मान्य करतात, आणि मी शिकवलेल्या मुलांपैकी अनेकांना तो मिळालेला आहे. ३,५०० रुपये अजून दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती मागा, आणि पावती मिळाली नाही तर रक्कम, तारीख आणि ज्याला दिली त्याचे नाव एका कागदावर लिहून भावाची सही घेऊन ठेवा; पुढे तक्रार करायची वेळ आली तर सुरुवात त्याच कागदापासून होते.